अडीच इंचांचं पातं

संध्याकाळच्या विरार लोकलने बोरिवली सोडली की लेडीज डब्यात पिशव्या उघडायला लागतात. मेथी निवडली जाते, मटार सोलले जातात, घरी पोचेपर्यंत भाजीचं निम्मं काम उरकलेलं असतं. एखादी बाई पर्समधून वर्तमानपत्रात गुंडाळलेला चाकू काढते आणि फरसबी चिरायला घेते. चाकू बहुधा प्लास्टिकच्या मुठीचा, लाल नाहीतर हिरवा, पात्याला करवतीचे दाते. काही महिने चालतो, मग बोथट होतो, नाहीतर कागद आणि अस्तर फाडून एक दिवस बोटाला लागतो.

वसई-विरारकडे रोज चाकू लागणारी माणसं कमी नाहीत. बागेतली फुलं उतरवणारी, लोंगरातून केळ्यांच्या फण्या सोडवणारी, नायगाव-अर्नाळ्याला जाळ्यांची डागडुजी करणारी, दुकानात खोकी फोडणारी, डब्याबरोबर पेरू नेणारी. पण खिशात मिटवून ठेवायचा चांगला छोटा चाकू कसा निवडावा, याचा विचार फारसा कुणी करत नाही. साडी घेताना पदर उलटून बघणारे आणि कलिंगड घेताना टिचकी मारणारे आपण, चाकू मात्र पुठ्ठ्याला लावलेला दिसला तसा उचलतो.

इथे ज्या चाकूबद्दल बोलायचं आहे तो जुन्या घाटणीचा आहे. अडीच ते तीन इंचांचं एक पातं, एक मूठ, आणि मुठीच्या पाठीत बसवलेली एक पोलादी कमान. बस, एवढंच यंत्र. पात्याचं बूड कमानीच्या टोकाशी टेकलेलं असतं. आपण पात्यावरच्या खाचेत नख घालून ते ओढतो, तेव्हा बुडाचा कोपरा कमानीला वर उचलतो. पातं पूर्ण उघडलं की कमान पुन्हा खाली बसते आणि तिच्या दाबानेच पातं उघडं राहतं. मिटवतानाही हाच दाब उलटा काम करतो. खटका नाही, कुलूप नाही, बटण नाही.

याचा अर्थ असा, की पात्याच्या पाठीवर जोर पडला तर हा चाकू मिटतो आणि बोटं मध्ये सापडतात. म्हणून त्याने भोसकू नये, डब्याचं झाकण उचकटू नये, नारळाच्या डोळ्यात टोक खुपसून फिरवू नये. ओढून कापायचं, दाबून नाही. ज्याला एवढं जमतं त्याला कुलपाची गरज पडत नाही असं माझं मत आहे. कुलूपवाला चाकू वाईट असतो असं नाही, पण कुलूप आहे म्हणून माणूस नको ते काम करायला जातो, आणि स्वस्त कुलूप नेमकं तेव्हाच दगा देतं.

मिटणारा चाकू म्हटलं की आपल्याकडे रामपुरी आठवतो, तो सिनेमाच्या कृपेने. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांची ही खरी नामांकित कला. पण लांब पातं आणि उघडल्यावर अडकणारा खटका, यामुळे ‘वक्त’ (१९६५) मधल्या राजकुमारपासून पुढच्या सगळ्या खलनायकांपर्यंत तो पडद्यावर धमकीसाठीच वापरला गेला. त्याने काकडी सोललेली कुणी पाहिली नाही. रोजच्या वापराचा चाकू निवडताना पहिली चाळणी हीच: डब्यात, दुकानात, शेजाऱ्यासमोर तो बाहेर काढला तर कुणी दचकता कामा नये. काळं पातं, दातेरी पाठ, मुठीवर कवटी नाहीतर गरुड, असला जो माल ऑनलाइन ‘कमांडो’ नावाने विकला जातो तो या चाळणीतच गळतो. तसाही तो भाजी कापायला निरुपयोगी असतो, त्याचं कारण पुढे येईल.

दुसरी गोष्ट, वसईच्या पट्ट्यात पोलादाच्या कामांची वाटणी जुनीच आहे. झाडावर चढणाऱ्याचा आणि वाडीत काम करणाऱ्याचा कोयता कमरेच्या लाकडी आकडीत अडकवलेला असतो. शहाळं, ताडगोळा, केळीचा खुंट ही त्याची कामं. ताडीसाठी माडावर जाणाऱ्या भंडाऱ्याचं आऊत वेगळं. पोयीच्या टोकाचा अगदी पातळ काप रोज नव्याने काढायचा, म्हणून त्याची धार वस्तऱ्याच्या तोडीची ठेवावी लागते. मासळीला विळी. सुपारीला अडकित्ता, आणि तो अडकित्ताच हवा. सुपारीवर चाकू चालवला की धारेचा तुकडा उडतो. या सगळ्यांनी आपापलं काम घेतल्यावर जे उरतं ते छोट्या चाकूचं: फळ, भाजी, दोरी, सोपट, गोणीची शिवण, पार्सलची चिकटपट्टी, मुलाची पेन्सिल. पूर्वी यात बोरूही होता. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला बोरूचं टोक घासलं की पुन्हा तासावं लागे आणि त्यासाठी छोटा चाकू दौतीशेजारी असे. युरोपात पिसाच्या लेखणीसाठी हीच सोय होती. इंग्रजांच्या छोट्या चाकूला ‘पेननाइफ’ म्हणतात ते त्यातूनच.

आता मुख्य प्रश्न, धातूचा. आणि इथे पुण्याला किंवा नागपूरला दिलेला सल्ला वसईला चालत नाही.

पोलाद ढोबळमानाने दोन जातींचं. एक साधं, कार्बनचं: लोखंडात पाऊण ते एक टक्का कार्बन, बाकी फारसं काही नाही. धार चटकन लागते, बारीक लागते, आणि हवेतल्या ओलाव्याने गंजही तितकाच चटकन चढतो. दुसरं स्टेनलेस: यात कार्बनसोबत क्रोमियम असतं, किमान साडेदहा टक्के, चाकूच्या पोलादात बहुधा तेरा ते पंधरा. हे क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर एक अदृश्य पापुद्रा धरतं आणि तो पापुद्रा आतल्या लोखंडाला झाकतो. ओरखडा पडला तरी तो पुन्हा आपोआप धरतो.

पण या पापुद्र्याचा वैरी म्हणजे मीठ. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, आणि त्यातला क्लोराइड नेमका पापुद्र्याला भोकं पाडतो. म्हणून पाचूबंदरला किंवा अर्नाळ्याला होडीत फिरणाऱ्या ‘स्टेनलेस’ चाकूवरही टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसतात. सगळ्यात आधी ते पात्याच्या मधोमध नाही, पातं जिच्यावर फिरतं त्या खिळीच्या आसपास आणि मुठीच्या आतल्या फटीत येतात. कारण तिथे खारं पाणी साचतं आणि पापुद्रा पुन्हा धरायला लागणारी हवा तिथे पोचत नाही. त्यात मुठीच्या आत पितळी पट्ट्या असतील तर आणखी भर. खाऱ्या पाण्यात पितळ आणि पोलाद एकमेकांना टेकून राहिले की विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो आणि झिजतं ते पोलाद. दुकानात पितळेची चकाकी दर्जेदार वाटते, आणि कोरड्या हवेत ती तशी असतेही. दर्यावर्दी माणसाने मात्र पितळ नसलेला, प्लास्टिक किंवा फायबरच्या मुठीचा, पूर्ण स्टेनलेस चाकू घ्यावा आणि घरी आल्यावर तो उघडून गोड्या पाण्याखाली धरावा. एवढ्यानेच त्याचं आयुष्य किती तरी वाढतं.

बागेतल्या माणसाचं गणित वेगळं. निर्मळ, गास, नंदाखाल, आगाशी या बाजूला अजून ज्यांच्या वाड्या आहेत त्यांना केळीचा चीक नवा नाही. लोंगर उतरवून फणी सोडवली की देठातून पाण्यासारखा चीक गळतो आणि सदऱ्यावर पडला तर त्याचा तपकिरी डाग सदऱ्याबरोबरच जातो. त्यात टॅनिन असतं. साध्या पोलादावर हे टॅनिन लागलं की लोखंडाशी मिळून काळं-निळं संयुग तयार होतं. जुन्या काळची लिहायची शाई याच रसायनावर बनत असे. असा काळा पडलेला चाकू बघून घरातली माणसं तो खराब झाला म्हणतात. तो खराब झालेला नसतो. हा काळा थर घट्ट बसतो आणि लाल गंजाला थोडीफार आडकाठीच करतो. लाल गंज भुसभुशीत असतो, बोटाला लागतो, आत खात जातो. तो घासून काढायचा. काळ्याला हात लावायचा नाही. कैरी, चिंच, लिंबू यांच्या आंबटाने असाच थर चढतो. आपल्याकडे हळद लागल्यावर नवरदेवाच्या हातात जी सुरी नाहीतर कट्यार देतात आणि तिच्या टोकाला लिंबू खोचतात, ती साध्या पोलादाची असेल तर वरात घरी येईस्तोवर टोक काळं झालेलं असतं. लग्नाच्या धामधुमीत ते कोण बघतो म्हणा.

साध्या पोलादाने कैरी कापली तर पहिल्या काही दिवसांत फोडीला लोखंडाची किंचित चव येते. काळा थर चढला की ती कमी होते. ज्याला ही चव खपत नाही, आणि ज्याला चाकू वापरून झाल्यावर पुसायची सवय नाही, त्याने स्टेनलेसच घ्यावा, त्यात कमीपणा नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वसईत पर्समधली पावडरसुद्धा ओली होते. तिथे आठवडाभर विसरलेला साधा चाकू तांबडा होणारच. माझा स्वतःचा कौल असा: रोज गाडीने जाणाऱ्यांना स्टेनलेस, दर्यावर पितळ नसलेलं स्टेनलेस, आणि रोज धार लावणाऱ्या बागायतदाराला खुशाल साधं पोलाद.

मात्र ‘स्टेनलेस’ हा शिक्का म्हणजे दर्जाचा दाखला नव्हे. चमचाही स्टेनलेसचाच असतो. स्वस्त चाकूंसाठी वापरलं जाणारं पोलाद इतक्या कमी कार्बनचं असतं की त्याला कडकपणा घेताच येत नाही. ते गंजत नाही, पण कापतही नाही. आणि चांगलं पोलाद असलं तरी खरा दर्जा ठरतो तो त्याला पाणी कसं दिलं यावर. पातं लाल तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवलं की ते अतिशय कडक होतं, पण ठिसूळ. पडलं तर टोक मोडेल असं. म्हणून ते पुन्हा दीडशे-दोनशे अंशांच्या आसपास सावकाश शेकतात, म्हणजे कडकपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. या दुसऱ्या शेकात दहा-वीस अंश इकडेतिकडे झाले तर त्याच पोलादाचा चाकू वेगळा वागतो. कारखाने हा कडकपणा रॉकवेल नावाच्या मापात सांगतात. स्विस खिशातल्या चाकूंचा तो ५६ च्या आसपास असतो. साठीच्या पुढे गेलं की धार जास्त टिकते, पण घरच्या दगडावर लावताना दमछाक होते. पोलादाचं महागडं नाव आणि कच्चं पाणी, यापेक्षा साधं नाव आणि नेमकं पाणी कधीही बरं.

ऑनलाइन दुकानांत ‘दमास्कस’ म्हणून लहरी-लहरींचं पातं दिसतं, त्याबद्दल दोन शब्द. इतिहासातल्या त्या दंतकथा झालेल्या तलवारींचं पोलाद आपल्याच दख्खनेतून आणि दक्षिणेतून अरबी व्यापाऱ्यांमार्फत पश्चिमेला जात असे. आज त्या नावाने मिळतं ते दोन प्रकारची पोलादं एकावर एक ठोकून केलेलं असतं, आणि फारच स्वस्त मिळालं तर साध्या पात्यावर आम्लाने किंवा लेझरने उमटवलेली निव्वळ नक्षी. नक्षीने कैरी कापली जात नाही.

कापतो तो पातळपणा. ही गोष्ट दुकानदार कधीच सांगत नाही. जाड पातं हातात भक्कम वाटतं, पण कैरीत घातलं की ते कापत नाही, फाडतं. फोड तुटून बाजूला उडते आणि कापाची कड खडबडीत राहते. दोन मिलिमीटर पाठीचं, धारेकडे नीट निमुळतं होत गेलेलं पातं त्याच कैरीतून आवाज न करता जातं. त्या ‘कमांडो’ चाकूची पाठ साडेतीन-चार मिलिमीटर असते, शिवाय काळा रंग. भाजीच्या कामाला तो पाचर आहे. चाकू उघडून धारेकडून डोळ्यासमोर धरा. धारेच्या लगेच मागे पातं फुगलेलं दिसलं तर ठेवून द्या. दात्यांचं पातंही ठेवून द्या. दोरीला ते बरं, पण घरी त्याला धार लावता येत नाही.

दुकानात पाच मिनिटं मागून घ्यावीत आणि दुकानदाराने भुवया उंचावल्या तरी चाकू नीट हाताळावा. मुठीची कमान आणि बाजूच्या पट्ट्या यांच्या मधून उजेडाकडे बघा. फटीतून उजेड आला तर तिथे भाजीचा रस आणि पाणी जाणार. पातं उघडून टोकाला धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. हलता कामा नये. वरखाली किंचित नमलं तर चालेल, कारण त्याला कमान धरून आहे. उघडताना शेवटी आणि मिटताना शेवटी ‘टक्’ असा एकच स्वच्छ आवाज यावा. चरचर आली तर आत घासणी नीट झालेली नाही. कमान इतकी कडक नको की नख मोडेल, आणि इतकी सैल नको की पातं उलटं धरून झटकलं तर उघडेल. मिटलेल्या चाकूच्या कडेवरून रुमाल ओढून बघा. कुठे अडकला तर टोक मुठीबाहेर डोकावतं आहे, खिसा फाटणार.

यातली सगळ्यात उपयोगी परीक्षा सगळ्यात कमी लोक करतात. कागदाची एक पट्टी मुठीच्या खाचेत ठेवा आणि तिच्यावर पातं सावकाश मिटवा. कागद कुठेही कापला गेला नाही तर ठीक. एखाद्या जागी काप दिसला तर मिटल्यावर धार कमानीवर आपटते, म्हणजे रोज मिटवताना तिथे खांडी पडणार आणि किती चांगली धार लावली तरी आठवड्यात तीच जागा बोथट होणार. ही चूक घरी दुरुस्त होत नाही. आणखी एक: नखाची खाच बहुतेक चाकूंवर उजव्या हाताने धरणाऱ्याच्या सोयीने, पात्याच्या डाव्या अंगाला असते. डावखुऱ्यांनी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरता येईल असं पातं शोधावं.

मुठींबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, हातात बसली पाहिजे. लाकडाची मूठ देखणी, पण पावसाळ्यात फुगते. शिंगाची मूठ ओलावा आणि कोरडेपणा यांच्या फेऱ्यात वाकते. जुन्या शेफील्डच्या चाकूंना सांबरशिंगाची मूठ असे आणि ती शिंगं बरीचशी हिंदुस्थानातूनच जात. आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सांबरशिंगाची खरेदी-विक्री बंद आहे, तेव्हा ‘खरं सांबर’ म्हणून कुणी नवा चाकू विकत असेल तर दोन पावलं मागे सरा. कातडी म्यानात चाकू ठेवून कपाटात टाकू नये. कातडं ओल धरतं, आणि कातडं कमावताना वापरलेली रसायनं पोलादाला डागतात.

नावांचं म्हणाल तर तीन सांगण्यासारखी. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सचा चाकू, तारा आणि माल्टाचा क्रूस अशा खुणेचा, इंग्रजी अमलात इतका खपे की त्याच्या नकलाही तितक्याच निघाल्या. घरातल्या जुन्या पेटीत तो सापडलाच तर फेकू नका. कमान शाबूत असेल तर नव्या स्वस्त चाकूहून तो सरस असतो. दुसरं नाव स्वित्झर्लंडचं. कार्ल एल्सनर या चाकू बनवणाऱ्याने १८८४ मध्ये इबाखला कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवले. शिपायाला त्याने रायफल खोलता यावी आणि डबा फोडता यावा एवढीच मागणी होती. लाल मुठीचा, बूच काढायच्या पेचासह अनेक अवजारांचा अधिकाऱ्यांचा चाकू १८९७ चा. एल्सनरच्या आईचं नाव व्हिक्टोरिया, आणि १९२१ मध्ये न गंजणाऱ्या पोलादाचं ‘इनॉक्स’ त्याला जोडून व्हिक्टोरिनॉक्स झालं. आपल्या हवेत मला हा सगळ्यात कमी कटकटीचा वाटतो, फक्त अवजारांचा मोह आवरावा. एकाच मुठीत बारा वस्तू कोंबलेला चाकू हातात विटेसारखा येतो. पातं, डबा फोडणी, पेचकस, बस. नकली मालही भरपूर येतो. खऱ्याच्या पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव स्वच्छ कोरलेलं असतं आणि सगळी पाती एकाच दाबाने उघडतात.

तिसरा फ्रान्सचा ओपिनेल. साव्हॉयच्या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल याने १८९० च्या सुमाराला तो शेतकऱ्यांसाठी बनवला: बीच लाकडाची गोल मूठ, पातळ पातं, एक खीळ. १८९७ मध्ये त्याचे १ ते १२ असे आकार ठरले. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर. १९५५ पासून त्याच्या मानेवर फिरवायची लोखंडी कडी आली, तिने पातं अडकतं. याला कमान नाही, पातं लाकडाच्या घर्षणावरच थांबतं, आणि तिथेच आपल्या पावसाळ्याशी त्याचं वाकडं येतं. जुलैत लाकूड फुगतं आणि पातं आत रुतून बसतं, नखाने निघतच नाही. त्यावर साव्हॉयच्या लोकांचाच उपाय आहे: मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर हलकं ठोकायचं, पात्याची पाठ वर उचलली जाते. कोरड्या मे महिन्यात मुठीच्या खाचेत तेल मुरवून ठेवलं तर फुगणं कमी होतं. कापण्यात मात्र याचा हात धरणारा चाकू या किमतीत मिळणं कठीण.

धारेचं शिकणं निवडण्याइतकंच महत्त्वाचं, कारण विकत घेतलेली धार काही आठवडेच पुरते. सायकलच्या चाकावर दगड फिरवणाऱ्या धारवाल्याकडे विळी, कोयता जरूर द्यावा, पण छोटा चाकू देऊ नये. ठिणग्या उडतात म्हणजे पातं तापतं, आणि पातळ टोक तर क्षणात. पात्यावर निळा डाग दिसला तर तिथला ताप तीनशे अंशांच्या घरात गेला आणि कारखान्यात दिलेलं पाणी उतरलं असं समजा. हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा दगड मिळतो, एक बाजू खरखरीत, एक मऊ. त्यावर पाणी टाकायचं. कोन किती हा नवशिक्याचा प्रश्न असतो, त्याला एक सोपी युक्ती आहे. पातं दीड सेंटिमीटर रुंद असेल तर एक रुपयाची तीन नाणी एकावर एक ठेवून दगडावर पात्याची पाठ त्यांच्या उंचीला आणा. साधारण सतरा अंशांचा कोन होतो. नाणी काढून घ्या आणि तोच कोन मनगटात धरून, दगडाचा पातळ काप काढल्यासारखं पातं पुढे न्या. एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला धारेवर बारीक खरखरीत लव उठते. ती अंगठ्याने पाठीकडून धारेकडे अलगद चाचपून कळते, आणि ती पूर्ण लांबीभर आल्याशिवाय बाजू बदलायची नाही. बहुतेकांची धार लागत नाही ती याच घाईमुळे. दोन्ही बाजू झाल्या की मऊ दगडावर हलके हात, आणि शेवटी न्हावी चामोट्यावर वस्तरा फिरवतो तसं जुन्या कातडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाठीच्या दिशेने दहा-बारा वेळा. वर्तमानपत्राचं पान एका हाताने लोंबतं धरून ते कडेपासून सरळ कापलं गेलं तर झालं.

खिळीला तेल लागतं. खोबरेल घरात असतं म्हणून तेच घालतात, पण ते हवेत चिकट होतं आणि वर्षभरात खीळ जाम होते. शिलाई मशीनचं तेल खिळीपुरतं चालेल. फळ कापायच्या पात्याला औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन बरं, ते पोटात गेलं तरी अपाय नाही. थेंबभर पुरतं.

राहिला कायदा. शस्त्र कायदा, १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम ज्या धारदार शस्त्रांना लागू होतात त्यांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रं येतात, आणि घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. अडीच इंचांचा फळाचा चाकू या मापापासून कोसभर दूर आहे. बटण दाबून उघडणाऱ्या चाकूचं प्रकरण निराळं; दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने तीन इंचांच्या, म्हणजे ७.६२ सेंटिमीटरच्या, पुढची बटणाची पाती बंद घातली. असला चाकू कुठल्याही गावात घेऊ नये. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्तांना सण, मोर्चे, निवडणुका अशा काळात काठी, चाकू, सुरा बाळगण्यावर मनाई करता येते, आणि त्यात पात्याच्या लांबीची सवलत नसते. ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय झालं, तेव्हापासून आपल्याकडचे असे आदेश तिथून निघतात, एका वेळी साधारण पंधरा दिवसांचे, आणि वर्तमानपत्रात छापून येतात. अशा दिवसांत चाकू घरीच ठेवावा. सभेला, मतदान केंद्रावर, कोर्टात तो कधीच नेऊ नये. विमानाने जायचं असेल तर सामानाच्या मोठ्या बॅगेत घालून ती काउंटरवर द्यावी. हातातल्या पिशवीत राहिला तर सुरक्षा तपासणीच्या टेबलावरच सोडावा लागतो.